नव्या घराची सेप्टिक टाकी: खोदाईआधी पाणी कुठे मुरणार ते ठरवा

घराचा स्लॅब पडला, प्लास्टर आटोपलं, फरशी बसली की मग परसात उरलेल्या जागेत ‘सेप्टिकचा खड्डा’ मारायचा, हा आपल्याकडचा रिवाज. जेसीबी आलेलाच असतो. गवंडी म्हणतो, मोठीच बांधू, पुन्हा बघायला नको. मालकालाही ते पटतं. टाकीवर भरपूर पैसे जातात आणि तिच्यातून निघणाऱ्या पाण्यासाठी शेवटच्या दिवशी चार फुटांचा एक खड्डा खणून त्यात दगडगोटे ओतले जातात. पहिल्या किंवा दुसऱ्या पावसाळ्यात संडासाचं पाणी उतरेनासं होतं, तेव्हा सगळे म्हणतात, टाकी भरली. खरं तर टाकी पहिल्या महिन्यातच भरलेली असते आणि ती कायम भरलेलीच असायला हवी. तुंबलेला असतो तो शोषखड्डा.

सेप्टिक टाकीत पाणी साठवायचं नसतं, थोपवायचं असतं. वरून एक लिटर आत आलं की दुसऱ्या टोकाने एक लिटर बाहेर पडतं. मधल्या एकदोन दिवसांत जड मैला तळाशी बसतो, तेलकट आणि हलका भाग वर साय धरतो, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू तळचा गाळ हळूहळू कुजवून कमी करतात. बाहेर पडणारं पाणी दिसायला बरंच निवळ असलं तरी त्यात रोगजंतू असतातच. ते मारण्याचं काम जमीन करते. म्हणून आखणी उलट्या टोकापासून करायची: आधी जमीन, मग शोषखड्डा, मग टाकी, आणि शेवटी संडासापासूनचा पाइप.

हे सगळं घराच्या नकाशाच्या वेळीच व्हायला हवं. बांधकाम परवानगीच्या नकाशात टाकी आणि शोषखड्डा दाखवावा लागतोच. तो ड्राफ्ट्समनने कोपऱ्यात काढलेला नुसता चौकोन राहू नये, एवढंच.

जागा

भारतीय मानक आयएस २४७० मध्ये दोन अंतरं दिली आहेत आणि ती पाठ असावीत. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट. आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर, म्हणजे २० फूट. दुसरं अंतर पायात पाणी मुरू नये म्हणून. टाकी स्वतः जलरोधक असल्याने घराच्या जवळ चालते, पण पायाची खोदाई आणि टाकीची खोदाई एकमेकांत जाऊ नये यासाठी निदान दोन मीटर सोडा.

आता अडचण बघा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ३३ बाय ३३. अशा प्लॉटचा कर्णसुद्धा जेमतेम ४७ फूट भरतो. म्हणजे एका गुंठ्यात बोअर आणि शोषखड्डा दोन्ही नियमात बसवणं भूमितीनेच अशक्य आहे. शिवाय शेजाऱ्याचा बोअर तुमच्या कुंपणाला लागूनच असतो, तोही मोजायचा. अशा ठिकाणी पिण्याचं पाणी नळयोजनेचं घ्या आणि बोअर वापरापुरता ठेवा, किंवा खाली सांगितलेला फिल्टरचा मार्ग धरा. कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी टेप धरून सगळ्या विहिरी आणि बोअर कागदावर मांडल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

नुसतं अंतरही पुरत नाही. देशावर मुरमाखाली बेसॉल्टचा फुटका खडक लागतो आणि पाणी त्याच्या भेगांतून न गाळता लांबवर पळतं. कोकणातला जांभाही सच्छिद्र. अशा जमिनीत ६० फूट ही किमान मर्यादा समजा, पुरेशी समजू नका, आणि खड्डा नेहमी विहिरीच्या उताराकडच्या बाजूला घ्या. वास्तुशास्त्र पाळणारी मंडळी पाणी ईशान्येला आणि टाकी वायव्येला सांगतात. उतार आणि अंतर जुळत असेल तर आनंदाने पाळावं. जुळत नसेल तर उताराचं ऐकावं.

आणखी एक गोष्ट जागा ठरवतानाच बघायची: सक्शन टँकर टाकीपर्यंत पोचेल का? मागच्या परसात टाकी आणि बाजूला तीन फुटांची बोळ, वर नंतर शेड, असं झालं की उपशाच्या वेळी फरशी फोडावी लागते. गाडी जिथे उभी करणार तिथेही टाकी नको. नाइलाज असेल तर वरचा स्लॅब अभियंत्याकडून वाहनाच्या भारासाठी वेगळा काढून घ्या. खाली दिलेला स्लॅब माणसांच्या वजनाचा आहे.

जमिनीची चाचणी: एक खड्डा आणि दोन दिवस

आपल्याकडे घरासाठी ही चाचणी क्वचितच कुणी करतं. खर्च जवळपास शून्य आहे आणि सगळा हिशेब हिच्यावर उभा आहे. शक्यतो पावसाळ्यात किंवा तो संपताना करा. एप्रिलमध्ये भेगाळलेली काळी माती पाणी गटागटा पिते आणि जुलैत तीच माती फुगून थेंबही घेत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातला आकडा फसवा असतो.

शोषखड्डा जिथे आणि जेवढ्या खोल होणार, तिथे तेवढ्या खोलीपर्यंत १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचा छोटा खड्डा घ्या. पहारीने गुळगुळीत झालेल्या कडा खरवडून काढा, नाहीतर चिखलाचा लेप पाणी अडवतो. तळाशी ५ सेंटिमीटर जाड रेती किंवा बारीक खडी टाका. मग रेतीच्या वर किमान ३० सेंटिमीटर पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. यात माती पुरती भिजते. दुसऱ्या दिवशी पाणी शिल्लक असेल तर त्याची पातळी रेतीच्या वर १५ सेंटिमीटरवर आणा आणि ३० मिनिटांत किती उतरलं ते पट्टीने मोजा. रात्रीतून सगळं मुरलं असेल, तर १५ सेंटिमीटर भरायचं आणि चार तास दर अर्ध्या तासाला मोजत राहायचं. शेवटच्या अर्ध्या तासाची घट धरायची.

२५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागली, हा आपल्याला हवा असलेला आकडा. अर्ध्या तासात ७५ मिमी उतरलं तर तो १०, आणि २५ मिमी उतरलं तर ३०. तीस मिनिटांपर्यंत शोषखड्डा चालतो. तीस ते साठमध्ये शोषखड्ड्याऐवजी लांब, उथळ चर घ्यावे लागतात. साठच्या वर गेलं तर ती जमीन हे पाणी घेणार नाही, कितीही खोल खणा.

भूजलही तपासा. शेजारच्या विहिरीत ऑगस्टमध्ये पाणी जमिनीपासून किती खाली असतं ते विचारा. ते सहा फुटांच्या आत येत असेल, आणि कोकणपट्टीत बऱ्याच ठिकाणी येतं, तर शोषखड्डा पावसाळाभर पाण्यातच बुडून राहील.

शोषखड्ड्याचं गणित

एका चौरस मीटरमागे दिवसाला किती पाणी मुरेल हे मानकातल्या सूत्राने निघतं: २०४ भागिले चाचणीच्या मिनिटांचं वर्गमूळ. १० मिनिटांना सुमारे ६५ लिटर, १५ ला ५३, ३० ला ३७. क्षेत्रफळ मोजताना येणाऱ्या पाइपाच्या खालची गोल भिंत तेवढी धरायची. तळ धरायचा नाही, कारण गाळाचे बारीक कण बसून तो लवकर बुजतो.

पाच माणसांचं घर घ्या. संडासातलं फ्लशचं आणि स्वच्छतेचं पाणी माणशी दिवसाला ४५ लिटर धरलं तर २२५ लिटर. चाचणी १० मिनिटं आली तर साडेतीन चौरस मीटर भिंत लागते. १.२ मीटर व्यासाच्या खड्ड्याचा परीघ ३.७७ मीटर, म्हणजे पाइपाखाली सुमारे ९५ सेंटिमीटर खोली. दीड मीटर घ्या, हात सैल राहील. चाचणी ३० मिनिटं आली तर सहा चौरस मीटर, म्हणजे १.६ मीटर खोली, आणि इथे एकाऐवजी दोन खड्डे घेणं शहाणपणाचं.

आता याच घराचं आंघोळीचं, धुण्याचं, भांड्यांचं पाणीही टाकीत सोडलं आणि रोजचं पाणी ५०० लिटरवर गेलं, तर त्याच ३० मिनिटांच्या जमिनीत साडेतेरा चौरस मीटर भिंत लागेल. म्हणजे पाइपाखाली साडेतीन मीटरहून खोल खड्डा. एवढं कुणी खणत नाही, आणि मग खड्डा तुंबतो. म्हणून सेप्टिक टाकीत फक्त संडासाचं पाणी. आंघोळ आणि धुण्याचं पाणी वेगळ्या पाइपाने वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा केळी, अळू, नारळाच्या आळ्यात. स्वयंपाकघराचं पाणी तेल अडवणाऱ्या छोट्या चेंबरमधून तिकडेच. छपराचं पावसाचं पाणी तर टाकीच्या जवळपासही येऊ द्यायचं नाही. एका मोठ्या सरीने टाकीतला सगळा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो. संडासाचा आणि आंघोळ-धुण्याचा पाइप वेगळे ठेवायचं काम जोत्याच्या वेळीच होतं. नंतर फरशी फोडून करायला कुणी तयार होत नाही.

खड्ड्याची रचना साधी आहे. व्यास किमान ९० सेंटिमीटर, पाइपाखाली खोली किमान एक मीटर. भिंत कोरड्या विटांची किंवा जांभ्याची, उभे सांधे उघडे, आणि भिंतीमागे सगळीकडे निदान ७५ मिमी जाडीची स्वच्छ, धुतलेली जाड खडी. मातकट खडी टाकली तर तीच गाळणी बुजवते. पाइपाच्या वरचा भाग मात्र सिमेंटमध्ये बांधून, वर फरशीचं झाकण घालून बंद करा आणि भोवतीची जमीन बाहेरच्या बाजूला उताराची ठेवा. सिमेंटच्या रिंगा इथे चालतात, भोकं असलेल्या. त्याच रिंगा एकावर एक रचून ‘रेडिमेड सेप्टिक टाकी’ म्हणून विकतात, ते मात्र घेऊ नका: सांधे गळतात, आणि गोल उभ्या टाकीत पाणी आलं तसं सरळ निघून जातं.

पांढरी रेती किंवा चांगला मुरूम असला तर हे सगळं सोपं. चाचणी तीस ते साठ मिनिटं आलेल्या काळ्या जमिनीत चर घ्या: अर्धा ते एक मीटर खोल, ३० सेंटिमीटर ते एक मीटर रुंद, तळाशी १५ ते २५ सेंटिमीटर खडी, तिच्यात भोकं पाडलेला पाइप जवळपास सपाट, दोन चरांत दोन मीटर अंतर, एका चराची लांबी ३० मीटरपेक्षा कमी, आणि सुरुवातीला सगळ्या चरांना सारखं पाणी वाटणारं एक छोटं चेंबर. वर गवत किंवा कर्दळ लावा, मोठी झाडं नकोत. जमीन घेतच नसेल किंवा भूजल वर असेल, तर टाकीच्या पुढे खडीचा फिल्टर बांधतात: पाणी तळातून शिरतं, खडीच्या थरातून वर चढतं आणि वरून बाहेर पडतं. त्यानंतर अस्तर घातलेल्या वाफ्यात कर्दळ. हे काम अनुभवी अभियंत्याकडूनच करून घ्यावं.

घरात एकच संडास, बादलीने पाणी टाकायची सवय आणि माणसं तीनचार असतील, तर सेप्टिक टाकीच्या फंदातच पडू नका. सरकारी योजनांतला दोन शोषखड्ड्यांचा संडास स्वस्त पडतो. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं. पहिला दीडदोन वर्षं बंद राहिला की आत खत होतं आणि मैल्याच्या टँकरची गरज उरत नाही. अंतराचे आणि भूजलाचे नियम मात्र त्यालाही आहेत.

टाकी केवढी

मानकातला तक्ता छोट्या घरांसाठी असा आहे. पाच माणसांना आतली लांबी १.५ मीटर, रुंदी ०.७५, दोन वर्षांनी उपसायची असेल तर पाण्याची खोली १.०५. दहा माणसांना २.० बाय ०.९ आणि खोली १.४. वीस माणसांना २.३ बाय १.१ आणि १.८. पाण्यावर ३० सेंटिमीटर मोकळी जागा सगळ्यांना. काही झालं तरी रुंदी ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली एक मीटर आणि क्षमता हजार लिटरच्या खाली जायची नाही. लांबी रुंदीच्या दोन ते चौपट. चौरस टाकी बांधायला सोपी असली तरी तीत पाणी आल्या वाटेने चटकन बाहेर पडतं.

पाच माणसांच्या घरालाही आम्ही दहाचीच टाकी सुचवू. गणपतीला, लग्नाला, मे महिन्यात घर दुप्पट होतं. दहाच्या टाकीत अडीच हजार लिटर मावतात. कुजल्यानंतर माणशी दिवसाला सुमारे ०.२१ लिटर गाळ साठतो, म्हणजे पाच माणसांचा वर्षाला ३८० लिटर. टाकीचा एक तृतीयांश भाग गाळाने भरायला सव्वादोन वर्षं. त्याहून मोठी टाकी बांधून काही मिळत नाही. ‘आयुष्यभर उपसायला नको’ असली टाकी म्हणजे बहुतेक वेळा तळ नसलेली टाकी, आणि तिचं पाणी थेट शेजारच्या विहिरीत.

क्षमता दोन हजार लिटरच्या वर गेली की दोन कप्पे करायचे. पडदी येणाऱ्या बाजूकडून दोन तृतीयांश अंतरावर, म्हणजे पहिला कप्पा मोठा. पडदीतली भोकं पाण्याच्या मध्यावर हवीत: तळाला असली तर गाळ पुढे जातो, वर असली तर साय.

पातळ्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण पातळी डोळ्याने ठरवली जाते. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घ्या आणि भिंतीवर खडूने खुणा करा.

संडासापासून ११० मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्यासाठीचा) पीव्हीसी पाइप, उतार ४० ते ६० फुटांना एक फूट. त्याहून सपाट ठेवला तर मैला अडकतो. फार तीव्र उतारात पाणी पुढे पळतं आणि मैला मागे राहतो. उदाहरण घ्या: पाइप जोत्याबाहेर पडताना त्याचा तळ जमिनीखाली ३० सेंटिमीटर. टाकी ८ मीटरवर, उतार १:५०, म्हणजे १६ सेंटिमीटर खाली. टाकीत शिरताना ४६. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली, म्हणजे ५१. तीच टाकीतल्या पाण्याची पातळी. तिच्यावर ३० सेंटिमीटर मोकळी जागा, त्यावर १० चा स्लॅब: म्हणजे स्लॅबचा माथा जमिनीखाली ११ सेंटिमीटर. झाकणाचा गळा तेवढा वर उचलून जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवायचा, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. शोषखड्डा आणखी ३ मीटरवर, तिथे पाइप ५७ वर. असा तक्ता कागदावर करून गवंड्याच्या हातात द्या. दोन्ही पाइप एकाच पातळीला बसवलेल्या टाक्या गावोगाव आहेत, आणि त्यांचं पाणी पाइपात मागे फुगतं.

वाटेत काटकोनी एल्बो नको, दोन ४५ अंशांचे बेंड लावा. जिथे वळण किंवा जोड, तिथे ४५ बाय ४५ सेंटिमीटरचं चेंबर. पाइपाखाली रेती, खाली दगड लागत असेल तर नक्कीच.

खोदाई ते झाकण

दहा माणसांच्या दोन कप्प्यांच्या टाकीसाठी, ९ इंची विटांच्या भिंती धरून, खोदाई साधारण ३.२ बाय २ मीटर आणि खोली सव्वादोन मीटर लागते. ढासळणारी माती असेल तर कडा उताराच्या ठेवा, आणि काढलेली माती काठापासून लांब टाका.

तळाला १५ सेंटिमीटर काँक्रीट, १:२:४ (सिमेंट, रेती, खडी). तळाला येणाऱ्या पाइपाकडे दहाला एक असा उतार दिला तर गाळ एका बाजूला जमतो आणि उपसा सोपा होतो. भिंती १:४ मसाल्यात, सांधे भरून, विटा भिजवून. कोकणात जांभ्याचा चिरा वापरलात तर तो पाणी झिरपवतो हे लक्षात ठेवून गिलावा जास्त काळजीने करा. पोकळ सिमेंट ब्लॉक नकोत. गिलावा आतून आणि बाहेरून, १:३, निदान १२ मिमी, घोटून. तळ आणि भिंत मिळते तिथे गोलाई. बाहेरचा गिलावा कुणाला दिसत नाही म्हणून तो टाळला जातो, आणि मग पावसाळ्यात बाहेरचं पाणी आत शिरतं. भराव करण्याआधी स्वतः जाऊन बघा.

सामान ढोबळमानाने असं: विटा १५००, सिमेंट १७ ते १८ गोण्या (तळ ४, बांधकाम साडेपाच, गिलावा ४, स्लॅब ३, बाकी हातचं), स्लॅबसाठी ८ मिमीच्या सळया सुमारे २० ते २२ किलो. सळया दोन्ही दिशांना १५ सेंटिमीटरवर, झाकणांच्या भोकांभोवती जादा.

आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, दोन्ही पाइपांना ‘टी’, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा जोड. टीचा खालचा पाय पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटर, वरचं तोंड सायीच्या वर उघडं. येणारा टी नसेल तर प्रत्येक फ्लशला साय ढवळते. जाणारा नसेल तर साय थेट शोषखड्ड्यात जाऊन त्याचे सांधे बुजवते. दोनशेतीनशे रुपयांचा हा तुकडा न बसवल्याने चांगला खड्डा वाया जातो. स्लॅब टाकण्याआधी दोन्ही टी बसल्याचा फोटो काढून ठेवा.

झाकण प्रत्येक कप्प्याला एक, ६० बाय ४५ सेंटिमीटर किंवा ५० सेंटिमीटर व्यासाचं, शक्य तर टीच्या बरोबर वर. बिडाचं किंवा एफआरपीचं (फायबरचं), कुलपाचं. सैल फरशी ठेवून काम भागवू नका, अंगणात मुलं खेळतात. हवेचा पाइप किमान ५० मिमी, घराला लागून असेल तर छपराच्या दोन मीटर वर न्यायचा आणि तोंडाला बारीक जाळी. जाळी नसली तर डासांची पैदास तिथूनच.

भरावासाठी काळी माती वापरू नका. ती फुगून भिंत आत ढकलते. मुरूम, थराथराने, पाणी मारून चोपा.

प्लास्टिकची तयार टाकी घेणार असाल तर गळतीची चिंता मिटते, पण एक नवी येते: रिकामी टाकी भूजलात तरंगते. खाली काँक्रीटचा सपाट थर, भोवती रेती किंवा चाळलेला मुरूम ३० सेंटिमीटरच्या थरांत, आणि प्रत्येक थराबरोबर आतही तेवढंच पाणी भरत जायचं. पाणी वर येणाऱ्या जागी टाकी पट्ट्यांनी काँक्रीटला बांधा. पावसाळ्यात ती पूर्ण उपसू नका.

पाणी भरून चाचणी, मगच पैसे

गवंड्याचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतर द्या. भरावाआधी टाकी बाहेरच्या पाइपापर्यंत पाण्याने भरा. पहिले २४ तास गिलावा पाणी पितो, म्हणून ते धरायचे नाहीत. पुन्हा भरा, खूण करा, झाकून ठेवा. पुढच्या २४ तासांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरलं तर टाकी गळते आहे. ओल कुठे दिसते ते बाहेरून शोधून तिथला गिलावा काढून पुन्हा करा. मग एकेका संडासातून दोन बादल्या पाणी टाकून चेंबरमध्ये ते कसं वाहतं ते बघा.

वापर सुरू करताना टाकी पाण्याने भरलेलीच हवी. गूळ, यीस्ट, पाकिटातली पावडर काही लागत नाही, जिवाणू मैल्याबरोबर येतातच. जुनं कुजलेलं शेण थोडं घातलं तर बिघडत नाही. अॅसिड आणि फिनाइल मात्र रोज ओतू नका. डायपर, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स यांना संडासात जागा नाही.

उपसा आणि बिघाड

दोन ते तीन वर्षांनी उपसा, वास येण्याची किंवा तुंबण्याची वाट न बघता. वाई आणि सिन्नरच्या नगरपालिकांनी दर तीन वर्षांनी घरोघरची टाकी ठरवून उपसण्याची पद्धत सुरू केली, त्यामागेही हाच विचार. मधल्या काळात लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घाला; काळं किती उंचीपर्यंत लागलं ते दिसतं. एक तृतीयांशाच्या वर गेलं की टँकर बोलवा. तळाशी थोडा गाळ राहू द्या, पुढच्या कुजण्याचं विरजण तेच. टँकर मैला कुठे रिकामा करणार तेही विचारा. ओढ्यात किंवा शेतात ओतणाऱ्याला काम देऊ नका.

टाकीत माणूस उतरवायचा नाही. झाकण उघडून तास झाला असला तरी आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असू शकतो, आणि पहिला कोसळला की त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय अशी सफाई करून घेणं गुन्हा आहे: पहिल्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मृत्यूसाठी भरपाई ३० लाख रुपये असावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. उघड्या झाकणापाशी विडी, काडी, मोबाइलचा टॉर्च धरून वाकणं, सगळं टाळा.

बिघाड झाला तर टाकीच्या दोन्ही झाकणांतून पाण्याची पातळी बघा, निम्मं निदान तिथेच होतं. पातळी बाहेरच्या पाइपाइतकी आहे आणि संडास तरी उतरत नाही: अडथळा घर आणि टाकीच्या मधल्या पाइपात, चेंबर उघडून शोधा. पातळी बाहेरच्या पाइपाच्या वर चढली आहे: टाकीपुढचा पाइप किंवा शोषखड्डा तुंबला. उपसा केल्यावर आठवडाभर बरं चालतं आणि पुन्हा तेच होतं, तर खड्डाच. पातळी बाहेरच्या पाइपाच्या खाली: टाकी गळते. घरात वास येतो पण पाणी नीट उतरतं: भांड्याच्या ट्रॅपमधलं (वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं) पाणी आटलं आहे किंवा हवेचा पाइप बुजला आहे. पावसाळ्यातच त्रास होतो: छपराचं पाणी आत येतं का ते आधी बघा, मग भूजलाचा संशय घ्या.

तुंबलेला शोषखड्डा उकरून, खडी धुऊन पुन्हा भरल्याने थोडाच काळ भागतो, कारण भोवतीच्या मातीवर चिकट थर धरलेला असतो. जुन्या खड्ड्यापासून त्याच्या व्यासाच्या निदान तिप्पट अंतर सोडून दुसरा घ्या आणि मध्ये एक चेंबर ठेवून पाणी तिकडे वळवा. पहिला वर्षभर कोरडा राहिला की तो थर सुकून फुटतो आणि खड्डा पुन्हा पाणी घेऊ लागतो. पहिल्याच आखणीत या दुसऱ्या खड्ड्यापुरती जागा मोकळी सोडून ठेवा आणि तिच्यावर पार्किंगची फरशी घालू नका.